मूर्खाला उत्तर द्यायचं की नाही?

नमस्कार मंडळी, जालन्याहून बोलतोय. कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय. बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक, अध्याय 26. चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको. पाचवं म्हणतं, दे. "दादा, छपाईची चूक आहे का?"

नाही रे बाबा. पुस्तकाची ओळख पटकन उरकतो. बायबलचा पहिला भाग म्हणजे जुना करार, त्यातलं हे पुस्तक, 31 अध्याय, बरीचशी वचनं शलमोन राजाच्या नावावर. पंचविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की पुढची वचनं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढली. म्हणजे ही दोन शेजारीशेजारी बघूनसवरून ठेवलेली आहेत. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातले पंडितही इथं अडले होते. त्यांनी वाटणी केली, धर्मशास्त्राची गोष्ट असेल तर उत्तर द्या, बाकी सोडा.

माझं भांडण वेगळंच आहे. लोक वचन अर्धं वाचतात! स्टेटसला अर्धं, भिंतीवर अर्धं. पुढचं वाचा की. चौथ्यात कारण दिलंय, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. पाचव्यात, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. एकात नुकसान तुमचं, दुसऱ्यात त्याचं.

मी स्वतः कसा फसलो ते ऐका. सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलो. काट्यावरचा म्हणाला, "मास्तर लोकांनी शेती कामून करावी?" झालं! मी अर्धा तास भांडलो. तेवढ्यात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, तयार. बघतो तर कट्ट्यामागं, म्हणजे दर पोत्यामागं, दोन किलो कटती, वजनातून सरळ कापलेले. आता भांडायला दमच उरला नव्हता. माझ्या मागच्या म्हाताऱ्यानंही तेवढीच कटती मुकाट्यानं सोसली. त्याला वाटलं, मास्तर गप्प आहे, म्हणजे नियमच असंल! टोमण्याला गप्प बसायचं होतं, कटतीवर बोलायचं होतं. मी नेमकं उलटं केलं. खोट्या तराजूचा देवाला वीट आहे, हे अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन. आमची आजी दोनच शब्दांत सांगायची, मापात पाप.

पैठणच्या एक ताई लिहितात, एकनाथ महाराज थुंकणाऱ्याला काही न बोलता परत गोदावरीत उतरले. बरोबर ताई, ते चौथं वचन झालं. पण तोच माणूस दुसऱ्याच्या अंगावर थुंकत असता तर?

घरच्या ग्रुपवरही हेच. काका माझ्या चॅनलला हसतात, हसू द्या. पण काकांनी "शुगरच्या गोळ्या बंद करा" असा मेसेज टाकला आणि आत्या तो वाचतीय, तर बोलावंच लागतं. झोडपून नाही हं. "आत्या, डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नको." बस. मृदू उत्तरानं राग निवळतो, असं पंधराव्या अध्यायात आहेच. मृदू म्हणजे गुळमुळीत नव्हे, गोळीचं नाव घ्यायचंच.

आणि ते एक साहेब, प्रत्येक व्हिडिओखाली "सोयाबीनवर बोल, बायबल काहून?" लिहितात, त्यांना मी आजवर उत्तर दिलेलं नाही. आज दोन्हीवर बोललो, साहेब.