ओवी इथली, पोथी लंडनला

श्रोतेहो, नमस्कार.

मराठी भाषा दिन आला की इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांची मराठीचं कौतुक करणारी ती ओवी गोव्यातल्या झाडून सगळ्या व्यासपीठांवरून ऐकू येते. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तल्या उरलेल्या जवळपास 11 हजार ओव्यांना मात्र वर्षभर कोणी विचारत नाही. हा ग्रंथ 1616 साली आपल्या सासष्टीत, रायतूरला, रोमन लिपीत छापला गेला. त्याच शतकात आणखी दोनदा छापला. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत कुठे असल्याचं माहीत नाही. ग्रंथ तगला तो लोकांनी हातानं उतरून घेतलेल्या नकलांमुळे. 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापला, तोही अशाच नकलांवरून. देवनागरीतली एक पोथी आहे, पण ती लंडनमध्ये. आणि इथल्याच रामायण-महाभारताच्या जुन्या कथा, रोमन लिपीत उतरवलेल्या, पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या विद्यार्थ्यानं त्या बघायच्या कशा?

स्कॅन झालं म्हणजे काम झालं, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. एखादी जुनी पोथी उघडावी, तर ओवीच्या अंगावरून संस्थेच्या नावाचा भला मोठा आडवा शिक्का. पान उतरवून घेता येत नाही. 'कुंकळ्ळी' असा शब्द शोधावा, तर काहीच सापडत नाही, कारण आत मजकूर नाहीच, नुसता फोटो आहे. मोठी प्रत हवी तर अर्ज करा. चारशे वर्षांपूर्वीच्या ओवीवर आज हक्क सांगायचा तो कोणी? मला विचाराल तर, लोकांच्या पैशानं स्कॅन झालेलं जुनं पान बिनशिक्क्याचं, उतरवून घेता येईल असं आणि शोधता येईल अशा मजकुरासह मिळालंच पाहिजे. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात स्वयंसेवक एकेक पान वाचून, चुका काढून हेच करतात. तिथे हात लावायला पदवी लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं प्रताधिकार चालतो. प्रियोळचे संशोधक अनंत काकबा प्रियोळकर 1973 साली गेले. म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं लेखन 1 जानेवारी 2034 ला सर्वांचं होईल. पण हक्क ज्याच्याकडे आहे त्यानं मनात आणलं तर इतकं थांबावं लागत नाही. गोवा विद्यापीठानं आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश 2013 मध्येच मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा, खुला केला.

आता तुमच्या घरातलं. चवथीला घुमट आरती म्हणताना ती जुनी वही बाहेर निघते ना? कडा झिजलेली, पानावर तेलाचा डाग, शेवटचं कडवं कोणीतरी पेन्सिलीनं घातलेलं. त्या वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि दर वर्षी आणखी पुसट होतो. एकदाच नीट काढा. दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, चारही कडा दिसतील असा. फाइलला गावाचं, वाड्याचं नाव द्या, वही कोणत्या सालची ते लिहा. पेन्सिलीचं कडवं कापू नका. अभ्यासकाला बहुधा तेच हवं असतं.

धालोंचं मात्र वेगळं आहे. पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणात, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून जी गाणी म्हणतात, त्यांना लेखक नाही, म्हणून कायद्यानं ती बहुतेक मोकळीच. पण कित्येक गावांत त्या मांडावर पुरुषांना पायसुद्धा ठेवता येत नाही. तिथलं गाणं चोरून टिपून यूट्यूबवर चढवणं याला खुलेपणा कोण म्हणेल? कोणतं गाणं बाहेर जावं, कोणतं मांडावरच राहावं, हे त्या बायका ठरवतील. त्या हो म्हणाल्या तर ध्वनिमुद्रणाखाली गावाचं आणि मांडाचं नाव घाला, आणि पहिली प्रत त्यांच्याच मोबाइलवर पाठवा.

नमस्कार.