आजोबांचा अडकित्ता आणि स्वस्तातलं अंतराळयान

आजचा विषय ‘मराठी मालिकांत विज्ञानकथा का नाही?’ असा आहे. तिकडे येतोच. पण आधी एका रविवारची गोष्ट सांगू द्या, माझं सगळं म्हणणं तिथूनच निघालंय.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची इंग्रजी मालिका लागायची. कुणाकुणाला आठवतंय? बघा, वर आलेल्या हातांखालची सगळी डोकी पिकलेली! आमच्या वाड्यात टीव्ही एकच, काकूंकडे. लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा. चित्र हललं की एकानं कौलांवर चढून अँटेना फिरवायची आणि खालून बाकीच्यांनी ओरडायचं, ‘आलं, आलं… गेलं!’ इंग्रजी कुणाला धड कळत नव्हतं. कॉलेजात जाणारा चुलतभाऊ मराठीत सांगायचा, त्यातलं निम्मं त्याच्या मनचं असायचं.

त्या दिवशी कप्तान यानातल्या चकतीवर उभा राहिला, अंगाचे चमचमते कण झाले आणि माणूस दिसेनासा. पुढच्या क्षणी परक्या ग्रहावर हजर. आजोबा सुपारी कातरत होते. अडकित्ता अर्धा मिटलेला, सुपारी तशीच पात्यात. म्हणाले, “अरे, इकडचा माणूस मोडला आणि तिकडे तसाच दुसरा घडवला, तर हा तोच कशावरून?”

भाऊ म्हणाला, “आठवणी त्याच आहेत ना, आजोबा.”

“आणि इकडचा मोडायचा राहूनच गेला तर? पेन्शन कुणाला?”

सगळे हसलो. आजोबा हसले नाहीत. दिवसभर ओट्यावर तोच वाद. काकू आतून बाहेर, बाहेरून आत करत राहिल्या आणि त्यांचं दूध उतू गेलं. आत्मा, देह, मालकी, वारसा… सातवी पास माणसापासून वकिलापर्यंत सगळे भांडले. विज्ञानकथा म्हणजे काय, ते मला त्या ओट्यावर कळलं.

आता यातली खरी गंमत. ती चकती आलीच मुळी पैसे नव्हते म्हणून. 1966 साली मालिका सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडत नव्हतं. म्हणून माणसंच थेट खाली पाठवायची युक्ती काढली. आमचा अख्खा वाडा ज्या प्रश्नावर भांडला, तो काटकसरीतून जन्मला.

‘इंटरस्टेलर’ या सिनेमाचंही तेच. त्यातल्या कृष्णविवरासाठी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं समीकरणं पुरवली, खर्चही अफाट झाला. पण थिएटर गप्प होतं ते कधी? कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. बाप यानात परततो तेव्हा तेवीस वर्षं उलटलेली असतात, आणि तो पडद्यासमोर बसून मुलांचे साठलेले निरोप बघतो. एक खुर्ची, एक पडदा, एक चेहरा. बस्स. आणि कृष्णविवर आपल्याला नवं थोडंच आहे! जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. नावाची आद्याक्षरं उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. बक्षीस मिळालं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग भरभर सांगतो.

एका वाहिनीत मी कथा घेऊन गेलो होतो. उत्तर मिळालं, “आपल्याकडे एवढं बजेट नसतं.” हे मला मान्य नाही. ‘प्रायमर’ हा कालप्रवासाचा सिनेमा 2004 साली आला, जेमतेम सात हजार डॉलरात बनलेला. आणि मराठी मालिकेकडे हवं ते सगळं तयार आहे: एक घर, चार खोल्या, सतत वाद घालणारी माणसं. त्यात अशक्य अशी एकच गोष्ट आणून ठेवा आणि बाकी सगळं काटेकोर खरं ठेवा.

जागा पण सुचवतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वलहरी म्हणजे अवकाशातले सूक्ष्म कंप टिपणाऱ्या. ती चालू झालीय असं धरा. रात्रपाळीला दोघंच, एक मुलगी आणि एक मुरलेले साहेब. यंत्रावर थरथर उमटते. साहेब म्हणतात, ट्रक गेला असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री मुलगी वेळा लिहून काढते: दोन वाजून दहा, दोन वाजून सहा, दोन वाजून दोन. ट्रक घड्याळ बघून येतो, साहेब. रोज चार मिनिटं आधी उगवतात ते फक्त तारे.

साहेबांचा चहा हातातच राहतो. पहिला भाग इथे संपतो.