कुत्ना होरा: हाडांचं झुंबर आणि चांदीचं चर्च

नमस्कार श्रोतेहो.

प्रागहून गाडीत बसलं की तासाभरात कुत्ना होरा येतं. चेक प्रजासत्ताकातलं हे जुनं खाणगाव. पुष्कळ प्रवासी स्टेशनवर उतरतात, जवळच्या सेडलेत्समधलं अस्थिगृह बघतात आणि पुढच्या गाडीने परत फिरतात. मला याची फार हळहळ वाटते. खाणी आणि चर्च न बघता परतलात, तर ती हाडं नुसती घाबरवणारी गोष्ट होऊन बसतात.

सेडलेत्सला ११४२ साली सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ उभा राहिला. तेराव्या शतकात इथले मठाधिपती जेरुसलेमला गेले आणि येताना गोलगोथाची, म्हणजे येशूला क्रुसावर चढवलं त्या टेकडीची, माती घेऊन आले. ती इथल्या दफनभूमीत पसरली, असं सांगतात. मग काय, लांबलांबच्या लोकांना आपला देह याच मातीत जावा असं वाटू लागलं. पुढे चौदाव्या शतकात प्लेग आला, पंधराव्यात हुसाइट युद्धं, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांची धर्मयुद्धं, पेटली. जागा पुरेना. जुनी हाडं काढून दफनभूमीतल्या चर्चच्या तळघरात रचून ठेवली गेली. किमान ४० हजार माणसांची हाडं इथे असावीत, असा अंदाज आहे.

आज दिसते ती मांडणी १८७० सालची. श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याने फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला हे काम दिलं. पायऱ्या उतरून आत गेलं की मधोमध हाडांचं झुंबर लटकतं. माणसाच्या शरीरातलं प्रत्येक प्रकारचं हाड त्यात आहे म्हणतात. एका बाजूला त्या घराण्याचं कुलचिन्ह, तेही हाडांचंच. त्यात एक कावळा कवटीचा डोळा टोचतोय. आणि भिंतीवर रिंटने आपलं नावसुद्धा हाडांनीच लिहून ठेवलंय. आता आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते अगदी योग्य झालं. शेवटी ती माणसं आहेत, देखावा नव्हे.

आता गावात चला. इथल्या जमिनीत चांदी सापडली आणि राजा दुसरा वेन्सेस्लास याने १३०० साली फ्लोरेन्सचे जाणकार बोलावून इथल्या टांकसाळीत प्राग ग्रोशन हे चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली. खाणी खोल खोल जात राहिल्या. 'ओसेल', म्हणजे गाढव, नावाची खाण सुमारे ५०० मीटरपर्यंत उतरली होती, तीही हातोडी-छिन्नीने आणि चरबीच्या दिव्याच्या उजेडात! गावातल्याच ह्राडेक या जुन्या गढीतल्या चांदीच्या संग्रहालयातून आजही जुन्या खाणीत उतरता येतं. अंगात पांढरा डगला, डोक्यावर हेल्मेट. काही ठिकाणी वाट जेमतेम ४० सेंटिमीटर रुंद, छत इतकं खाली की वाकूनच जावं लागतं. खांदे दोन्ही बाजूंच्या ओल्या दगडाला घासतात. मला विचाराल, तर अस्थिगृहापेक्षा अंगावर काटा येतो तो इथे.

वर येऊन सेंट बार्बराचं चर्च बघा. बार्बरा ही खाणकामगारांची संत. चांदीवर श्रीमंत झालेल्या गावाला सेडलेत्सच्या मठाच्या हुकमाखाली राहायचं नव्हतं, म्हणून १३८८ साली गावाच्या वेशीबाहेर, मठाची सत्ता चालत नव्हती अशा जमिनीवर काम सुरू झालं. बाहेरून टोकदार आधारकमानींची दाटी आणि वर तंबूच्या आकाराची तीन छपरं. आत मान वर केलीत की वास्तुकार बेनेडिक्ट रेटने रचलेलं छत दिसतं. दगडी फासळ्या रांगोळीच्या रेघांसारख्या वळत, एकमेकींना ओलांडत फुलांचे आकार करतात. पण माझे पाय अडतात ते बाजूच्या कपेल्यांत, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहांत. तिथल्या भिंतींवर संतांच्या बरोबरीने नाणी ठोकणारे आणि रहाट ओढणारे कामगार रंगवलेत. पांढऱ्या डगल्यातल्या, हातात दिवा घेतलेल्या खाणकामगाराचा पुतळाही आहे. एरवी राजेरजवाड्यांच्या चर्चमध्ये घाम गाळणाऱ्यांना अशी जागा क्वचितच मिळाली.

सोळाव्या शतकात चांदी आटत गेली, तसा पैसाही आटला. अर्धवट चर्चच्या पश्चिमेला भिंत घालून काम थांबवलं गेलं. ते पुरं व्हायला १९०५ साल उजाडलं.

कधी प्रागला जाणं झालं, तर कुत्ना होराला पूर्ण दिवस द्या. खाण हिवाळ्यात बंद असते, तेव्हा उन्हाळ्यातच जा. नमस्कार.