कळ येते तेव्हा अंग सैल सोडायचं कसं

श्रोतेहो, नमस्कार.

घरात सून किंवा लेक पोटुशी असली की डिंक, अळीव, दुपटी, शेकासाठी शेगडी, सगळी जमवाजमव आधीच होते. अंग सैल सोडायचा सराव मात्र राहून जातो. ऐन वेळी आपोआप जमेल, अशी समजूत असते. आपोआप होतं ते नेमकं उलट. मुठी आवळतात, दात घट्ट बसतात, खांदे कानांना टेकतात.

गर्भपिशवी आपल्या मर्जीने आकुंचन पावत नाही. जबडा, खांदे, मांड्या मात्र आपल्या ताब्यात असतात. ते आवळून धरले की ताकद तिथेच खर्च होते, आणि पहिलटकरणीच्या कळा बारा तास किंवा त्याहून जास्त चालू शकतात. भीतीने अंगात अॅड्रिनलिन वाढलं तर सुरुवातीच्या कळा मंदावूही शकतात.

आज सांगतो ती पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२०च्या दशकात मांडली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या शिफारशींत कळांच्या वेळी तिचा पर्याय दिला आहे. सातवा महिना लागला की, डॉक्टरांना विचारून, रोज दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं करायची. जेवणानंतर तासभर थांबा. आपल्या दमट हवेत बंद खोलीत जीव घुसमटतो, म्हणून पडवीत किंवा पंख्याखाली गोधडी अंथरा.

डाव्या कुशीवर वळा. डोक्याखाली उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये दुसरी, आणि पोटाखाली चादरीची लहान गुंडाळी. या दिवसांत बराच वेळ उताणं झोपू नये. पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, मग चक्कर येते, मळमळतं.

आता उजव्या हाताची मूठ आवळा. मनात पाच अंक मोजा. श्वास सोडता सोडता मूठ उघडा आणि वीस-तीस सेकंद हात तसाच पडू द्या. आवळलेला हात आणि सुटलेला हात यांतला फरक ओळखता आला पाहिजे, सगळी मेख तिथेच आहे. मग दुसरा हात, खांदे, कपाळ, जबडा, मांड्या, पावलं. पावलांना ताण देताना बोटं पुढे ताणू नका, पोटरीत गोळा येतो. बोटं आपल्याकडे ओढा. पोटाचे स्नायू मुद्दाम आवळायचे नाहीत.

सोबतीला कुणीतरी हवं. नवरा मुंबईला असेल तर सासूबाई, जाऊ, आई कुणीही चालेल. तिने मनगट धरून हात अलगद उचलायचा. हात जड लागला तर सुटलेला आहे. उचलताना तो स्वतःहून वर येत असेल, तर सूनबाई अजून त्याला धरून आहे. 'सैल सोड गो' असं ओरडून काही होत नाही. ताठलेल्या जागेवर हात ठेवला की ती जागा लवकर सुटते.

श्वासाचं सूत्र सोपं. चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत तोंडाने बाहेर, ओठ सैल. बायका भराभर श्वास घेतात तिथे चूक होते. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तसं झालं तर वेग कमी करा आणि श्वास सावकाश सोडा.

आठव्या महिन्यानंतर बर्फाचा खडा घेऊन परीक्षा घ्या. एक मिनिट मुठीत धरायचा आणि बाकी सगळं अंग सैल ठेवायचं. भरात आलेली कळही साधारण तेवढीच टिकते. मासळीच्या गावात बर्फाला काय तोटा!

पुढे 'जोर कर, जोर कर' असा घरच्यांचा धोशा सुरू होतो. पिशवीचं तोंड दहा सेंटीमीटर उघडण्याआधी जोर केला तर ते सुजू शकतं आणि बाई दमते. नर्सने सांगेपर्यंत मेणबत्ती विझवल्यासारखी छोटी छोटी फुंकर घाला.

एवढं करूनही वेदना होणारच. सहन करणं सोपं जातं, इतकंच. वेदनाशामक इंजेक्शन मागितलं किंवा सिझेरियन करावं लागलं, तर त्यात सरावाची हार नाही.

सदतीस आठवड्यांआधी कळा येत असतील, रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी झाली असेल, डोकं सणकून दुखत असेल किंवा नजर धूसर झाली असेल, तर व्यायाम करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. एरवी पहिलटकरणीने कळा पाच मिनिटांच्या अंतराने, तासभर नियमित आल्या की निघावं. पण खाडीपलीकडची वाडी असेल, घाटातला रस्ता असेल, आषाढातला पाऊस असेल, तर एवढी वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ला फोन करा. गाडीतही डाव्या कुशीवरच झोपा आणि आशाताईंना आधी कळवा.