मागच्या रांगेतला माणूस

मंडळी, विषय ठरलाय तालवादक आणि वाद्यवृंद. त्याकडे येतोच, पण आधी एका झांजेबद्दल बोलू द्या. चेक संगीतकार द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना, १८९३ची, जवळजवळ पाऊण तासाची. तीत झांज वाजते एकदाच, शेवटच्या भागात, आणि तीही अगदी हळुवार! तेवढ्यासाठी वादक मात्रा मोजत बसतो. चुकला तर दुसरी संधी नाही.

मला अशी माणसं लहानपणापासून ठाऊक आहेत. माझे काका तबला वाजवायचे. पत्रिकेत गायकाचं नाव ठळक टायपात आणि काकांचं तळाशी, ‘साथ’ म्हणून. एका वर्षी तर नावही नव्हतं, नुसतं ‘तबला’ छापलं होतं. काकू फार चिडल्या. काका काहीच बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी विलंबित एकताल असा धरला की गायकानेच मध्ये थांबून त्यांना दाद दिली. पण दहा मिनिटांचा स्वतंत्र तबला सुरू झाला आणि अर्धी रांग चहाला उठली. ते उठणं मी आजही विसरलेलो नाही. (पुढच्या रांगेतले आजोबा मान हलवताहेत, म्हणजे हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही.)

वाद्यवृंदातला तालवादकही असाच मागच्या रांगेत बसतो. बेटोव्हनने मात्र १८०६ सालीच त्याला पहिला शब्द दिला होता. बेटोव्हनचा व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना, उघडतो तो एकट्या टिंपनीच्या, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांच्या, चार ठोक्यांनी. पाचव्या ठोक्यावर ओबो आणि त्याची भावंडं, म्हणजे फुंकून वाजवायची लाकडी वाद्यं, येतात. आपण त्याला सम म्हणू! आणि टिंपनी तरी परकी कुठे? तिचा पूर्वज अरबांचा नक्कारा, म्हणजे आपल्या नगारखान्यातल्या जोडीचा सख्खा नातलग.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्दा थोडक्यात सांगतो. जुन्या-नव्या रचनांच्या मैफलीत तालवादकाला पुढे बसवायचं असेल, तर आधी बेटोव्हनची ही रचना ठेवा. कान तयार होतात. मग स्कॉटिश संगीतकार जेम्स मॅकमिलनची ‘वेनी, वेनी, इमॅन्युएल’ घ्या, तालवादक आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली. १९९२ साली लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात ती तालवादक एव्हलिन ग्लेनी यांनी पहिल्यांदा वाजवली. शेवटी एकल वादक रंगमंचावरच अगदी मागे, उंच नळ्यांच्या घंटांपाशी जातो आणि सारा वाद्यवृंद हातात छोट्या घंटा घेतो. म्हणजे सगळेच तालवादक होतात.

आणि मग झाकीरभाईंचा, म्हणजे तबलावादक झाकीर हुसेन यांचा, तबला आणि वाद्यवृंदासाठीचा कन्चेर्टो ‘पेशकार’. २०१५ साली मुंबईत, एनसीपीए या कलाकेंद्रात, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर तो पहिल्यांदा वाजला. टिंपनीचा सूर पायाने बदलतो, तबल्याला मात्र हातोडी घ्यावी लागते. वाद्यवृंद कागदावरची मात्रा वाजवणार, तबलजीला उपज, म्हणजे आयत्या वेळचं काहीतरी नवं, सुचणार. ही दोन्ही माणसं एका समेवर आणायची, हे खरं काम. त्यावर तासभर बोलायचं होतं, राहिलं.

आता बेटोव्हनची ती सुरुवात लावतो. कोणी उठू नका. चार ठोके मोजा.