पोटावरची पिशवी

(दृश्य: परळ, पहाट. फाटकाबाहेरची रांग.)

साडेसहा वाजलेत. टाटा रुग्णालयाबाहेर चहाचा पहिला टोप उतरलाय. हे रुग्णालय १९४१ सालचं. रांग त्याहून जुनी वाटते.

(दृश्य: दादर, गाडगे महाराज धर्मशाळा. खोली.)

काका बार्शीकडचे, द्राक्षबागायतदार. कॅन्सरची गाठ गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि यकृतावरही डाग. आतड्याकडून येणारं रक्त आधी यकृतातच जातं, म्हणून हा आजार बहुतेक वेळा पहिल्यांदा तिथंच पसरतो. चौथी स्टेज. शौचाची वाट पार अडली, तेव्हा डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला काढलं. त्याला म्हणतात स्टोमा. मळ आता तिथून येतो, तो धरायला वर चिकटवलेली पिशवी.

(दृश्य: काकूंचे हात, जवळून.)

पिशवी बदलायची ती सकाळी, काही खाण्याआधी. तेव्हा आतडं शांत असतं. जुनी पिशवी ओढायची नाही. कातडी दाबत, हळूहळू सोडवायची. कोमट पाणी, मऊ फडकं, मग नीट कोरडं करायचं. गोल भोकांचं हे कार्ड मापासाठी. ऑपरेशननंतर काही आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून माप दर वेळी नव्यानं. पिशवीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं, जास्त नाही, नाहीतर मळ लागून कातडी सोलवटते. शेवटी तळहात ठेवून दाबायचं. उबेनं चिकटा धरतो. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची.

स्टोमा लालभडक असतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तरी दुखत नाही. काकूंना हे पटायला आठवडा लागला. तोवर श्वास रोखून पुसायच्या.

(दृश्य: कमरेची बाटली.)

हा केमोचा पंप. आत फुगा आहे, तो आक्रसत औषध सोडतो, ४६ तास. दर १४ दिवसांनी हेच. सोबतच्या दुसऱ्या औषधामुळे गार पाण्याचा थेंबसुद्धा सुईसारखा टोचतो, म्हणून तांब्यात पाणी कोमट.

(दृश्य: काका, खिडकीशी.)

आठ महिने रक्त पडत होतं. मूळव्याध म्हणून लेप झाले, चूर्णं झाली, गावाकडच्या दवाखान्यात इंजेक्शनंही झाली. बोटानं तपासायला दोन मिनिटं लागतात. कोणी तपासलं नाही. कॉलनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, हा शब्द काकांनी पहिल्यांदा सोलापुरात ऐकला. शौचाला रक्त, बदललेली सवय, उगाच येणारा थकवा, उतरणारं वजन... यातलं काहीही आठवडे-आठवडे टिकलं तर मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका. वय चाळिशीच्या आतलं असलं तरीही.

बाग यंदा खंडानं दिलीय.

(दृश्य: धर्मशाळेचा जिना.)

काका सदरा खाली ओढतात. पिशवी दिसत नाही. काकू मापाचं कार्ड आणि कात्री घेऊन शेजारच्या खोलीकडे निघाल्यात. तिथं काल रात्री नवा पेशंट आलाय.