लाल दगड आणि डॉ. जमशेद इराणी

(डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. टेबलावर ठेवलेला हा लाल दगड इथल्याच डोंगरातला आहे. डिचोलीत तो कुणाला ओळखून दाखवावा लागत नाही. माझं लहानपण मांडवीच्या काठी गेलं. खनिजाने भरलेले बार्ज काठाकाठापर्यंत पाण्यात बुडून चाललेले असायचे आणि रिकामे होऊन येताना उंच तरंगत यायचे. आम्ही पोरं बसून ते मोजायचो. खनिज मुरगावला जातं, तिथून जपानला जातं, एवढं ठाऊक होतं. तिथे पोचल्यावर दगडाचं पोलाद कसं होतं, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं. ते कळत असताना ज्यांच्या कामाने मला वाट दाखवली, ते डॉ. जमशेद इराणी, धातुशास्त्रज्ञ आणि जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्याचे एकेकाळचे प्रमुख. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

इराणी आपल्या गोव्याचे नव्हेत. जन्म नागपूरचा, 2 जून 1936. बी.एस्सी. नागपुरात, 1956 साली. 1958 साली एम.एस्सी., आणि विषय होता भूशास्त्र. म्हणजे हा माणूसही दगडापासूनच सुरू झाला! नागपूरचं आणि पोलादाचं नातं तसं जुनं. 1903 च्या सुमारास दोराबजी टाटा नागपुरात असताना तिथल्या संग्रहालयात गेले. भिंतीवर भूशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग लोहखनिजाच्या खुणेने गडद रंगवलेला होता. त्या नकाशाच्या मागावर ते ज्या डोंगरांपर्यंत पोचले, त्या दल्ली-राजहराच्या खनिजावर पुढे भिलाईचा कारखाना चालला.

इराणी जे. एन. टाटा शिष्यवृत्ती घेऊन शेफील्डला गेले. 1960 साली धातुशास्त्रातली मास्टर्स पदवी आणि 1963 साली पीएच.डी. तिथे प्राध्यापक हनीकोम्ब यांच्याबरोबर त्यांनी लोखंड, मॉलिब्डेनम आणि कार्बन यांच्या मिश्रधातूंचा अभ्यास केला. पोलाद तापवून थंड करताना त्याच्या पोटात अतिसूक्ष्म कण कसे जमतात आणि त्यांनी ते का कणखर होतं, हा तो प्रश्न. पुढे ब्रिटनच्या लोह-पोलाद संशोधन संस्थेत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नियंत्रित रोलिंगवर, म्हणजे तापमान सांभाळून पोलाद लाटण्यावर, काम केलं. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण त्यांच्या कामातला हा भाग मला सर्वात सुंदर वाटतो.

पोलादाची ताकद वाढवायची सोपी युक्ती म्हणजे कार्बन वाढवणं. पण कार्बन वाढला की ते ठिसूळ होतं आणि वेल्डिंगला त्रास देतं. मग ताकद आणि चिवटपणा दोन्ही कसे मिळवायचे? उत्तर आहे पोलादातल्या ग्रेनमध्ये, म्हणजे स्फटिकांच्या दाण्यांमध्ये. आपली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची शेती, डोळ्यांसमोर आणा. एका मोठ्या सपाट तुकड्यात पाणी शिरलं तर ते सरळ धावत जातं. बांध घालून लहान लहान तुकडे केले असतील, तर प्रत्येक बांधाशी ते अडतं. पोलादातली चीरही तशीच चालते. दाणे जितके बारीक, तितक्या सीमा जास्त, आणि प्रत्येक सीमेवर चिरेला दिशा बदलावी लागते.

आता दाणे बारीक करायचे कसे? पोलादात नायोबियम नावाची धातू घालायची, टक्क्याचा जेमतेम काही शतांश. आणि लाटण्याचे शेवटचे फेरे नेहमीपेक्षा कमी तापमानाला, 800 ते 850 अंश सेल्सिअसच्या आसपास द्यायचे. नायोबियमचे सूक्ष्म कण दाण्यांना पुन्हा वाढू देत नाहीत. महागडी धातू मुबलक ओतायची गरज नाही, फक्त वेळ आणि उष्णता नेमकी सांभाळायची. आज मोठ्या गॅस वाहिन्यांच्या पाइपांचं पोलाद याच तत्त्वावर बनतं.

1968 साली ते भारतात परतले आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात संशोधन विभागात रुजू झाले. प्रयोगशाळेतून थेट धुरात. आपल्या देशी लोहखनिजात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, जास्त आणि कोळशात राख जास्त. ॲल्युमिनाने भट्टीतला मळ घट्ट होतो, नीट वाहत नाही, आणि कोक, म्हणजे कोळसा भाजून केलेलं भट्टीचं इंधन, जास्त जळतो. गोव्याचं खनिज तर बरंचसं भुकटीसारखं. ते सिंटर करून, म्हणजे भाजून ढेकळं करून, किंवा गोळ्या करूनच भट्टीत घालावं लागतं, नाहीतर हवेची वाट बंद होते. आमोण्याला झोतभट्टी आहे, तिथे काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

1979 साली इराणी जनरल मॅनेजर झाले, 1992 साली व्यवस्थापकीय संचालक, आणि 2001 मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले. कारखान्यातल्या जुन्या, उथळ ओपन हार्थ भट्टीत पोलादाचा एक घाणा निघायला आठ-दहा तास लागायचे. एलडी कन्व्हर्टरमध्ये शुद्ध ऑक्सिजन फुंकून तेच काम तासाभराच्या आत होतं. त्या जुन्या भट्ट्या याच वर्षांत बंद झाल्या. 1992 साली सरकारने पोलादाच्या किमतींवरचं नियंत्रण उठवलं आणि स्पर्धा दारात आली. कामगारसंख्या सुमारे 78,000 होती, ती 50,000 च्या खाली आली. स्वेच्छेने निघणाऱ्याला निवृत्तीच्या वयापर्यंत मूळ पगार देत राहण्याची योजना होती. माणसं कमी करणं कुठल्याही गावाला जड जातं. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा आपल्या तालुक्यात ट्रकवाल्यांचे कर्जाचे हप्ते कसे थकले, ते मी पाहिलंय. म्हणून मला त्या योजनेतला पगाराचा मुद्दा यंत्रांइतकाच मोठा वाटतो.

सन्मानही आले: 1997 मध्ये ब्रिटनचा मानद नाइट किताब आणि 2007 मध्ये पद्मभूषण. 31 ऑक्टोबर 2022 रोजी जमशेदपुरात त्यांचं निधन झालं.

पुढच्या रांगेत शाळेतली मुलं बसली आहेत. त्यांच्यासाठी टेबलावर आणखी दोन वस्तू आणल्या आहेत. हा बिडाचा तुकडा, आणि हा घासून, ॲसिड लावून ठेवलेला पोलादाचा नमुना. बाजूच्या खोलीत सूक्ष्मदर्शक लावलाय. आधी दगड हातात घ्या, वजन बघा, मग रांगेने तिकडे चला आणि पोलादातले दाणे मोजून मला सांगा.